त्यांना कुणी विचारले का?

(वसईतील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१५४४ सालच्या जानेवारीत कोचीनहून एक पत्र युरोपला रवाना झाले. लिहिणारा फ्रान्सिस झेवियर तेव्हा सदतीस वर्षांचा होता. तामिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या वस्त्यांत वर्षभराहून अधिक काळ राहून तो आला होता. बाप्तिस्मा देऊन देऊन हात भरून येतात, प्रार्थना म्हणून म्हणून आवाज बसतो, असे त्याने कळवले आहे. आणि मग त्याच पत्रात तो पॅरिसकडे वळतो. तिथल्या विद्यापीठात जाऊन वेड लागल्यासारखे ओरडत फिरावे, ज्यांच्याजवळ विद्या पुष्कळ पण ती दुसऱ्यासाठी वेचण्याची इच्छा थोडी, त्यांना इथल्या माणसांची आठवण द्यावी, असे त्याला वाटते. पुढच्याच वर्षी हे पत्र पॅरिसमध्ये छापले गेले. भारताच्या भूमीवरून तरुणांना पाचारणासाठी, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्यासाठी, घातलेली ही फार जुनी साद आहे.

गंमत अशी, की हा झेवियर स्वतः पॅरिसमध्ये शिकत होता तेव्हा असल्या हाकेला सहज ओ देणाऱ्यांतला नव्हता. नावारच्या सरदार घराण्यातला मुलगा, ॲरिस्टॉटल शिकवणारा तरुण अध्यापक, पांप्लोनाच्या कॅथेड्रलमध्ये मानाची आणि उत्पन्नाची जागा मिळावी म्हणून धडपडणारा. सँत-बार्ब महाविद्यालयात त्याच्या खोलीत पीटर फेबर होता, आणि १५२९ पासून इग्नेशियस लोयोलाही आला. इग्नेशियस वयाने पंधरा वर्षांनी मोठा आणि पायाने अधू. फेबर लवकर वळला. झेवियरसाठी इग्नेशियसला काही वर्षे खर्चावी लागली. त्याने झेवियरच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, पैशाची नड भागवली, आणि संधी मिळेल तेव्हा त्याला या वाटेबद्दल पुन्हा पुन्हा विचारले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली, त्यांत झेवियर होता. १५४० च्या मार्चमध्ये भारतासाठी निवडलेला त्या सातांतला बोबादिला आजारी पडला. इग्नेशियसने झेवियरला विचारले. दुसऱ्या दिवशी झेवियर रोमहून निघाला.

म्हणजे ज्याच्या नावाने गोव्यापासून वसईपर्यंत घरोघरी मुलांची नावे ठेवली जातात, त्याचे पाचारण एका मित्राने न कंटाळता विचारत राहिल्यामुळे उमलले. हाक देवाची होती, पण ती खोलीतल्या सोबत्याच्या आवाजात आली.

‘हल्लीची मुले फादर-सिस्टर व्हायला तयार होत नाहीत,’ हे वाक्य मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात वरचेवर कानी पडते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग असा, की त्या मुलांना कुणी विचारलेलेच नसते. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ‘कारा’ या संशोधन केंद्राने २०१२ मध्ये अविवाहित कॅथलिक तरुणांची पाहणी केली. एखाद्या मुलाला एका जरी माणसाने ‘तू धर्मगुरू होण्याचा विचार कर’ असे म्हटलेले असेल, तर तसा विचार त्याच्या मनात येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते, असे तीत दिसले. तिघांनी म्हटले असेल तर ती आणखी कितीतरी वाढते. अमेरिका वेगळी, वसई वेगळी, हे खरेच. तरीही डॉक्टर हो, सीए हो, कॅनडाला जा, असे आपल्या मुलाला दिवसातून चारदा सुचवणाऱ्या घरांनी ही पाहणी मनावर घेण्यासारखी आहे.

जगभरचे चित्र थोडक्यात असे. १९७० च्या सुमारास कॅथलिक ख्रिस्तसभेत सुमारे दहा लाख व्रतस्थ भगिनी होत्या. आज तो आकडा सहा लाखांच्या आसपास उतरला आहे. धर्मगुरू चार लाखांहून थोडे अधिक आहेत. युरोपातले कित्येक कॉन्व्हेंट रिकामे झाले, काहींची हॉटेले झाली, आणि जिथून एकेकाळी मिशनरी भारतात येत तिथल्या चर्चमध्ये आता भारतीय आणि आफ्रिकी फादर मिस्सा करतात. भारतात सुमारे एक लाख भगिनी आहेत. केरळ, तामिळनाडू, झारखंड इथून पाचारणे येत राहिली आहेत. मात्र केरळातही घरे लहान झाली आणि आकडे घसरू लागले.

वसईची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण या एका तालुक्याने आपल्या आकाराच्या मानाने फार धर्मगुरू आणि धर्मभगिनी दिल्या. एकाच घरातला एक भाऊ फादर आणि दोन बहिणी सिस्टर, ही इथे अपूर्वाईची बातमी नव्हती. पानमळे, केळीच्या बागा, फुलांची शेती, पाच-सात मुलांचे एकत्र कुटुंब, संध्याकाळी सर्वांनी गुडघे टेकून म्हटलेली पवित्र माळ, धर्मग्रामाची मराठी शाळा, आणि गावातल्या गुरुदीक्षेचा सोहळा, ज्याला सगळे गाव जेवायला असे. मुलाने फादर व्हावे अशी आईची इच्छा उघड असे आणि ती बोलून दाखवायला ती लाजत नसे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले, तेव्हा त्यामागे या घरांची पुण्याई होती.

आता वाड्या इमारतींनी वेढल्या आहेत आणि घरात एक किंवा दोन मुले आहेत. एकुलत्या मुलाला सेमिनरीत पाठवायचे म्हणजे वंश थांबवायचा, आणि एकुलत्या मुलीला कॉन्व्हेंटमध्ये पाठवायचे म्हणजे म्हातारपणी दाराशी कुणी नाही. ही भीती खोटी नाही. तिला ‘श्रद्धा कमी झाली’ असे म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. पूर्वीच्या सात मुलांतल्या एकाला देण्यापेक्षा आजच्या दोघांतल्या एकाला देणे आई-बापाला कितीतरी जड जाते, हे वेदीवरून बोलणाऱ्याने आधी मान्य करावे. मग पुढचे बोलणे ऐकले जाईल.

पुढचे बोलणे म्हणजे हे जीवन नेमके आहे तरी काय. अठरा वर्षांच्या मुलाला ते बहुधा ठाऊक नसते. त्याने फादरांना वेदीवर पाहिलेले असते, सिस्टरांना शाळेत. त्याच्या दृष्टीने दोघेही जन्मतःच तसे असतात.

धर्मप्रांतीय धर्मगुरू आपल्या बिशपांना आज्ञापालनाचे वचन देतो आणि ब्रह्मचर्य स्वीकारतो. तो एखाद्या धर्मप्रांताचा असतो आणि बहुधा तिथल्याच धर्मग्रामांत आयुष्य काढतो. येशूसंघ, फ्रान्सिस्कन, सालेशियन अशा संघांतले सभासद निष्कांचनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतात. त्यांना संघ पाठवील तिथे जावे लागते. संघांत ब्रदरही असतात. ते गुरुदीक्षा न घेता व्रतस्थ राहतात. भगिनींचे संघ तर असंख्य आहेत. कुणी रुग्णालये चालवतात, कुणी शाळा, कुणी झोपडपट्टीत भाड्याच्या खोलीत राहतात, आणि कार्मेलाइटांसारख्या काही जणी मठाच्या भिंतींआड फक्त प्रार्थनेसाठी आयुष्य देतात.

आणि हे सारे एका रात्रीत होत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही नवदीक्षितांमध्ये घेता येत नाही. नवदीक्षेचा काळ किमान एक वर्षाचा. त्यानंतरची व्रते तात्पुरती असतात, किमान तीन वर्षांसाठी, आणि कायमची व्रते एकविसाव्या वर्षाआधी घेता येत नाहीत. धर्मगुरू व्हायला वय पंचवीस लागते. तत्त्वज्ञान, मग बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षे धर्मग्रामात किंवा शाळेत प्रत्यक्ष काम, मग ईशज्ञानाची चार वर्षे, मग उपदीक्षा, आणि शेवटी गुरुदीक्षा. २०१६ मध्ये रोमने गुरुप्रशिक्षणाचा नवा आराखडा दिला. त्यात सेमिनरीच्या आधी एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा काळ सक्तीचा झाला, आणि उमेदवाराच्या माणूस म्हणून असलेल्या परिपक्वतेला अभ्यासाच्या बरोबरीचे स्थान मिळाले. इतका लांब पल्ला ठेवण्याचे कारण एकच आहे: ख्रिस्तसभेला मुलाकडे नीट पाहता यावे, आणि मुलालाही नीट पाहता यावे.

पारख कशी करायची, हे शिकवणारा पहिला मोठा अनुभव त्याच लंगड्या इग्नेशियसचा आहे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या गढीत खाटेवर पडल्या पडल्या त्याला वाचायला शौर्यकथा हव्या होत्या. घरात निघाली ती ख्रिस्ताची जीवनकथा आणि संतांची चरित्रे. दिवसाचे काही तास तो एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी कशी जिंकावी याच्या स्वप्नांत रमे, काही तास फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांनी जे केले ते आपण करावे या स्वप्नात. दोन्ही स्वप्ने पाहताना गोड वाटत. फरक नंतर कळे. पहिल्यानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर आनंद रेंगाळे. या एका निरीक्षणातून पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हा त्याचा ग्रंथ उभा राहिला, आणि आजही पाचारण शिबिरात मुलाला हेच विचारले जाते: कशाचा विचार केल्यावर तुझा आनंद टिकतो?

हा प्रश्न आजच्या तरुणाला परका नाही. तोही रात्री दोन वाजता मोबाइल बाजूला ठेवून तोच प्रश्न स्वतःला विचारतो. त्याच्याशी त्यावर बोलणारा माणूस जवळ नसतो, इतकेच. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांवरच एक सिनड बोलावली होती. तिथेही तरुणांना ऐकून घेणारी, सोबत चालणारी माणसे हवीत, हाच मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे आला.

वसईच्या मुलांना सांगायला एक गोष्ट वसईचीच आहे. गोन्सालो गार्सिया इथे १५५७ च्या सुमारास जन्मला, वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या शाळेत तो वाढला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने इतकी चांगली आत्मसात केली, की धर्मशिक्षक म्हणून लोक त्याला मानू लागले. आपल्याला येशूसंघात घ्यावे, ही त्याची इच्छा होती. कित्येक वर्षे थांबूनही ती पूर्ण झाली नाही. मग त्याने व्यापार सुरू केला आणि तो चांगला चाललाही. पण ओढ गेली नव्हती. मनिलात तो फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि ब्रदर झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाचा दुभाषी म्हणून तो जपानला परतला आणि सत्ताधीश हिदेयोशीसमोर उभा राहिला. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत कैद्यांची धिंड निघाली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. १८६२ मध्ये गोन्सालो संत म्हणून घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला.

वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे. त्या कॉलेजातल्या किती मुलांना ठाऊक आहे, की हा संत आधी नाकारला गेला होता, मग दुकानदारी करत होता, आणि शेवटपर्यंत धर्मगुरू झालाच नाही? पाचारणाच्या प्रवचनात त्याचे हौतात्म्य येते. त्याचे थांबून राहणे, त्याला मिळालेला नकार आणि त्याचे ब्रदरपण क्वचित येते. आणि एकविसाव्या वर्षी गोंधळलेल्या मुलाला नेमका तोच भाग हवा असतो.

नकाराचा हा धागा अधिक लांबचा आणि अधिक कडू आहे. पोर्तुगीज गोव्यात युरोपीय संघ स्थानिकांना आपल्यात घेत नसत. दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले, आणि १६३७ मध्ये बिशप. भारतीय वंशाचे ते पहिले बिशप. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ यांना कुठल्याच युरोपीय संघात जागा नव्हती. तेव्हा गोव्याच्याच धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात ऑरेटरी ही धर्मगुरूंची संस्था उभी केली आणि ते तिचे प्रमुख झाले. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण डच राजवटीत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. कँडीला तुरुंगवास सोसला, देवीच्या साथीत रुग्णांची सेवा केली, आणि १७११ मध्ये तिथेच देह ठेवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. त्याच कँडीत १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांच्या इच्छेने भारतीय धर्मगुरू घडवण्यासाठी पेपल सेमिनरी सुरू झाली. १९५५ मध्ये ती पुण्यात आली. भारताचे पुत्रच भारताच्या तारणाचे सेवक व्हावेत, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य तिला मिळाले. एवढे साधे वाटणारे वाक्य म्हणायला ख्रिस्तसभेला जवळजवळ चार शतके लागली.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण आजचे आहे. २०१६ मध्ये भारतीय बिशप परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही आहे हे त्यात मान्य केले. अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर-श्रीरामपूरच्या खेड्यांत, एकोणिसाव्या शतकापासून येशूसंघीयांनी काम केले. तिथला कॅथलिक समाज बहुतांशी दलित आहे, मराठी आहे, आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी त्याच्या भक्तीची साक्ष देते. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप झाले ते येशूसंघाचे थॉमस भालेराव. हे घडू शकते, घडलेले आहे. म्हणून ‘पाचारणे आटली’ म्हणण्याआधी प्रत्येक धर्मप्रांताने आणि संघाने पाहावे, की आपण कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या आडनावाच्या मुलांना विचारायचेच विसरलो आहोत.

पाचारणाची चर्चा निघाली, की ती पुरुषांभोवती फिरते. हे बदलायला हवे. मुंबईच्या अंधेरीत जर्मनीहून आलेल्या मदर ॲना हुबर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा भगिनींचा संघ सुरू केला. कुष्ठरुग्ण आणि टाकून दिलेली मुले यांना जवळ करणारा. त्या काळी कुष्ठरुग्णाला हात लावणे सोडा, त्याच्या वाटेने जायलाही माणसे धजत नसत. १९५५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाने मुंबईत निर्मला निकेतन ही समाजकार्याची संस्था उभी केली. या संघाच्या सभासद कुठलाही वेगळा झगा घालत नाहीत, चारचौघींसारख्या राहतात. मुंबईतल्या किती सामाजिक कार्यकर्त्यांनी तिथे धडे गिरवले याची गणती नाही.

आणि सिस्टर राणी मारिया. केरळातून वयाच्या अठराव्या वर्षी फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघात गेलेली मुलगी. मध्य प्रदेशातल्या उदयनगर परिसरात तिने भूमिहीन आदिवासींना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्यासाठी संघटित केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, तिला भोसकून मारण्यात आले. तिची सख्खी बहीण, तीही सिस्टर, पुढे तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. सुटल्यावर तो तिच्या आईवडिलांच्या घरी गेला आणि तिथे त्याला क्षमा मिळाली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियाला धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्या मुलीला वाटते, की कॉन्व्हेंट म्हणजे भिंतींआड गप्प बसणे, तिला ही गोष्ट पूर्ण सांगावी. मारले कुणी, का मारले, आणि क्षमा करायला त्या आईला काय पडले असेल, या सगळ्यासकट.

मराठी माणसाला धर्मगुरूचे आणखी एक रूप ठाऊक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या नंदाखालचे. १९७२ मध्ये गुरुदीक्षा, १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन. वसईचे पाणी आणि हिरवाई बिल्डरांच्या घशात जाऊ लागली तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले, धमक्यांना भ्यायले नाहीत. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. विरोधाचे सूरही उठले, ते शांतपणे उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेली माणसे किती होती हे वसईने पाहिले. अहिल्यानगरला स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांसाठी पाणलोट विकासाचे काम उभारले. शेतकऱ्याने आपला डोंगर स्वतः बांधून काढायचा आणि पाणी स्वतः अडवायचे, ही शिस्त त्या कामात होती. १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था त्यातून निघाली आणि आज ती अनेक राज्यांत काम करते.

या माणसांची नावे मुलांना फक्त भिंतीवरच्या तसबिरीतून कळू नयेत. दिब्रिटोंच्या लेखनात त्यांचा एकटेपणाही आहे, शंकाही आहेत. मुलांनी ते वाचावे.

एक विषय टाळला तर वरचे सगळे बोलणे पोकळ ठरेल. धर्मगुरूंकडून लहान मुलांचे लैंगिक शोषण झाले, अनेक देशांत ते दडवले गेले, आणि भगिनींवरही अत्याचार झाले. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी भगिनींवरील अत्याचारांची उघड कबुली दिली आणि त्याच वर्षी तक्रारी नोंदवण्याचे बंधन घालणारा नियम केला. हे वर्तमानपत्रांत वाचूनच आजचा मुलगा शिबिराला येतो. त्याच्या आईने तर ते आधी वाचलेले असते. ‘चर्चची बदनामी’ म्हणून तिचे तोंड बंद करणाऱ्या धर्मग्रामातून पाचारण निघणार नाही आणि निघूही नये. उलट, आपल्या सेमिनरीत मानसिक चाचणी कशी होते, तक्रार कुणाकडे करायची, मुलाला घरी फोन करायची मोकळीक किती, हे जो पाचारण संचालक न विचारता सांगतो, त्याच्यावर पालक विश्वास टाकतात. भगिनींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. अनेक ठिकाणी सिस्टर शाळेत शिकवतात, शिवाय चर्चची साफसफाई, फुले, धर्मगुरूंचा स्वयंपाक हेही त्यांच्याच माथी येते. आजची पदवीधर मुलगी हे बघते आणि मागे फिरते. तिचा त्यात काही दोष नाही.

आता परत येणाऱ्यांविषयी. गावातला मुलगा सेमिनरीत गेला, चार-सहा वर्षांनी परतला. ‘फादर होता होता राहिला’ हे त्याला जन्मभर चिकटते. मुलगी कॉन्व्हेंटमधून परतली तर तिच्या लग्नाची बोलणी करताना लोक कुजबुजतात. हे थांबवणे गावाच्या हातात आहे. तात्पुरत्या व्रतांची तीन ते सहा वर्षे कायद्याने ठेवली आहेत, ती नेमकी याचसाठी, की कुणालाही मान खाली न घालता निघता यावे. परतलेल्याने तिथे तत्त्वज्ञान शिकलेले असते, भाषा शिकलेल्या असतात, मौनात बसायची सवय लागलेली असते. त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गावर नेमावे, तरुणांच्या शिबिरात बोलवावे. आणि धाडस करून जाणाऱ्या पुढच्या मुलाला दिसू द्यावे, की परतीची वाट उघडी आहे. जिथून परत येता येते तिथे माणूस मोकळ्या मनाने जातो.

मराठीचा प्रश्नही याला जोडलेला आहे. १५७९ मध्ये गोव्याला आलेला इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये राशोल इथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. म्हणजे परका धर्मगुरू मराठीचा होऊ शकतो. केरळचे, मंगळूरचे कितीतरी फादर आणि सिस्टर आज नंदुरबार, बीडकडे उत्तम मराठी बोलत काम करतात आणि त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही १९५५ पासून चालत आलेला ‘सुवार्ता’ उद्या कोण संपादित करील? धुळ्याच्या शेतकऱ्याच्या घरी मृत्यूनंतरची प्रार्थना त्याच्या बोलीत कोण म्हणेल? इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या वसईच्या मुलाला हे काम आपले वाटावे, यासाठी त्याला एकदा तरी तिकडे नेऊन दाखवायला हवे.

ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून शेवटी शिक्षकांचे आणि पालकांचे काम. पुनरुत्थान काळाचा चौथा रविवार हा १९६४ पासून पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस आहे. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी एक प्रवचन होते, एक प्रार्थना छापून वाटली जाते. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, मिस्सेनंतर दोन तास सभागृह उघडे ठेवावे. एक सिस्टर यावी, जी वीस वर्षे दवाखान्यात रात्रपाळी करते. एक तरुण यावा, जो सेमिनरीतून परत आला आणि आता बँकेत आहे. एक आई यावी, जिचा मुलगा फादर आहे आणि सणाला घरी येऊ शकत नाही. बोलायचे त्यांनी, विचारायचे मुलांनी, आणि धर्मगुरूंनी मागच्या बाकावर बसायचे. बारावीच्या निकालानंतर सुट्टीत ज्यांना जायचे त्यांना पंधरा दिवस एखाद्या मिशन केंद्रावर राहायला पाठवावे, मुलींनाही. तिथे कुणी त्यांच्याकडून फॉर्म भरून घेऊ नये.

आणि ज्याच्यात काही दिसते, त्याला विचारावे. वेदीसेवा करताना ज्याचे लक्ष मेणबत्त्यांवर नसते, लोकांवर असते. आजीला हात धरून चर्चला आणणारी ती मुलगी. वर्गात भांडण सोडवणारा तो. त्यांना बाजूला घेऊन एवढेच म्हणावे, ‘तू कधी हा विचार केला आहेस का?’ ‘नाही’ म्हणाला तर ठीक. ‘केलाय’ म्हणाला, तर त्याच्या घरी जाऊन आधी त्याच्या आईशी बोलावे, आणि तिची भीती पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय उठू नये.